सहप्रवाशाबद्दल कळवताना

१४ ऑगस्ट २०२२, स्वातंत्र्यदिनाचा आदला दिवस. मंगळुरूहून मुंबईला निघालेल्या इंडिगोच्या विमानात एका महिलेला शेजारच्या प्रवाशाच्या मोबाइलवरचा मजकूर दिसला. तो वाचून ती घाबरली आणि तिने विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं. उड्डाणाच्या तयारीत असलेलं विमान मागे फिरलं, सगळ्यांना खाली उतरवलं, सामान पुन्हा तपासलं. विमानात काहीच सापडलं नाही. तो तरुण आपल्या मैत्रिणीशी बोलत होता. तीही त्याच विमानतळावर होती, बेंगळुरूच्या विमानाची वाट बघत, आणि दोघांची सुरक्षेवरून थट्टामस्करी चालली होती. तपासात त्याचे कित्येक तास गेले आणि त्याला त्या विमानाने जाता आलं नाही. तिचंही विमान चुकलं. सहा तासांच्या खोळंब्यानंतर उरलेले १८५ प्रवासी संध्याकाळी मुंबईकडे निघाले. त्या महिलेने बरोबर केलं की चूक, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांनी निकालावरून सोडवला. बॉम्ब निघाला नाही, म्हणजे उगाच बोभाटा केला. बॉम्ब निघाला असता तर तिचा सत्कार झाला असता. पण कळवताना निकाल कुणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे ही फूटपट्टी इथे चालत नाही. आपण नेमकं काय पाहिलं, ते कुणाला सांगितलं आणि कशा शब्दांत सांगितलं, यावरच कळवण्याची योग्यता ठरायला हवी.

हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. गडहिंग्लजच्या माणसाला एका बाजूला कोल्हापूरचं उजळाईवाडी, दुसऱ्या बाजूला बेळगावचं सांबरा आणि आंबोली घाट उतरला की गोव्याचं मोपा, असे तीन विमानतळ आवाक्यात आले आहेत. मोपावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली, तर कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं. मुलगा परदेशात, सून बेंगळुरूला, अशी घरं तालुक्यात गावोगाव आहेत. साठीनंतर पहिल्यांदा विमानात बसणारी माणसंही आता विमानतळाच्या रांगेत दिसतात. उद्या त्या रांगेत आपण संशय घेणारे असू, किंवा आपलाच कुणी संशयित ठरेल. दोन्ही बाजूंनी विचार करून ठेवायला हवा, तो त्यासाठी.

आधी कळवण्याच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत एक बेवारस बॅग पडून होती. ती उघडायला गेले आणि स्फोट झाला. १७ जणांचा जीव गेला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १ मे २०१० रोजी उभ्या गाडीतून धूर येताना फुटपाथवरच्या विक्रेत्यांनी पाहिला, पोलिसांना सांगितलं आणि गाडीतला बॉम्ब फुटायच्या आत निकामी झाला. मंगळुरूच्याच विमानतळावर जानेवारी २०२० मध्ये सीआयएसएफच्या जवानांनी एक बेवारस बॅग हेरली. तिच्यात स्फोटक होतं. ती ठेवणारा अभियांत्रिकी शिकलेला स्थानिक तरुण निघाला. त्याचा चेहरा, नाव किंवा पेहराव पाहून कुणालाही शंका आली नसती. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात ३२९ जणांचा अंत झाला, तेव्हाही खूण बॅगेतच होती. व्हँकुव्हरला बॅग चढली, पण तिचा मालक विमानात बसलाच नाही. या घटनांमध्ये मोलाची ठरलेली किंवा ठरू शकली असती अशी खूण एखादी वस्तू किंवा एखादी कृती आहे. माणूस कोणत्या जातीधर्माचा, कोणत्या भाषेचा, यातून काहीच कळलं नसतं.

याउलट माणसाच्या हावभावावरून धोका ओळखता येतो, हा समज पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेने २००७ पासून विमानतळांवर खास प्रशिक्षित अधिकारी नेमले. प्रवाशांच्या वागण्यातून संशयित हेरणं हे त्यांचं काम. त्यांच्यासाठी लक्षणांची यादी होती आणि ती २०१५ मध्ये बाहेर आली. वारंवार जांभया देणं, घसा खाकरणं, शिट्टी वाजवणं, उशिरा पोचणं, तपासणीबद्दल कुरकुर करणं, असे प्रकार तिच्यात होते. या कार्यक्रमावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर, नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण यंत्रणेने सांगितलं की हावभावांवरून खोटेपणा ओळखण्याची माणसाची कुवत छापा-काट्याइतकी, फार तर किंचित अधिक आहे. शिकवून तयार केलेल्या अधिकाऱ्यांना जे साधलं नाही, ते खिडकीशेजारच्या सीटवर बसलेल्या तुम्हाआम्हाला साधणार नाही. आता ती यादी पहिल्यांदा विमानाने निघालेल्या आपल्याकडच्या आजोबांना लावून पाहा. पहाटेच्या विमानासाठी रात्रीच घर सोडलेलं, त्यामुळे जांभया. पिशवी छातीशी घट्ट धरलेली. नजर चारी दिशांना. तोच प्रश्न तीन जणांना विचारून झालेला. पट्टा काढा म्हटल्यावर गोंधळ. नवखेपणाच्या या खुणा त्या यादीच्या नजरेतून पाहिल्या की धोक्याच्या ठरतात.

भीतीच्या काळात तर नजर वस्तूवरून चटकन माणसावर सरकते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं उडवण्याचा कट उघड झाला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेलं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं विमान लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात परत फिरवलं गेलं. वागणं संशयास्पद वाटलं म्हणून १२ भारतीय प्रवासी ताब्यात घेतले गेले. दुसऱ्या दिवशी सगळे निर्दोष सुटले. एप्रिल २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला एक विद्यार्थी फोनवर अरबीत बोलला, ते शेजारच्या प्रवाशाने ऐकलं आणि त्याला विमानातून उतरवण्यात आलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या विमानात इटालियन अर्थतज्ज्ञ गुइदो मेंझिओ कागदावर गणित सोडवत होते. शेजारणीला ती चिन्हं गूढ वाटली, तिने कळवलं आणि विमान थांबलं. भाषा न कळणं हा न कळणाऱ्याचा अडसर आहे, त्यातून बोलणाऱ्याचा हेतू ठरत नाही. हे गडहिंग्लजकराला वेगळं सांगायला नको. इथल्या बाजारात मराठीत सुरू झालेला व्यवहार कानडीत मिटतो आणि त्यात कुणाला कट दिसत नाही. बाजारात दाखवलेली हीच समज विमानतळावर सोबत न्यायला हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सहा तासांचा खोळंबा मोठा की दीडशे-दोनशे जीव मोठे? शंभर वेळा फसलो तरी चालेल, एकदा वाचलो म्हणजे झालं. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण २०२४ मध्ये भारतात देशांतर्गत विमानप्रवासाचा आकडा १६ कोटींच्या वर गेला. समजा हजारातल्या एकाच प्रवाशावर नुसत्या वागण्यावरून खोटा संशय आला, तरी वर्षाला १ लाख ६० हजार निरपराध माणसं बाजूला काढली जातील. प्रत्येकामागे जवानांचा वेळ जाईल आणि तेवढ्या वेळात खरी बेवारस बॅग नजरेआड होईल. म्हणजे उठसूट संशय घेतल्याने सुरक्षा वाढत नाही, विरळ होते. शिवाय ‘फसलो तरी चालेल’ म्हणणारा माणूस त्या चुकीची किंमत स्वतः मोजत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये गुजरातहून अलाबामात मुलाकडे गेलेले एक आजोबा सकाळी फुटपाथवर फिरत होते. कुणा शेजाऱ्याने ‘अनोळखी माणूस घरांकडे बघतोय’ असा फोन केला. पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांना अर्धांगवायूने गाठलं. फोन करणाऱ्याचं काहीच गेलं नाही. ज्या कृतीचा भुर्दंड पूर्णपणे दुसऱ्यावर पडतो, ती करताना माणसाने अधिक जपून वागावं, हा साधा न्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी पोर्टलंडच्या विमानतळावर त्या दिवशीच्या विमान अपहरणकर्त्यांचा म्होरक्या मोहम्मद अता याला पाहून तिकीट काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पण नुसत्या रूपावरून असा विचार करणं बरं नव्हे, असं स्वतःला बजावून तो गप्प राहिला. तो बोलला असता तर? हा प्रश्न टाळता येणार नाही. पण त्या दिवसाची नोंद पुढचंही सांगते. संगणकाच्या यंत्रणेने अताला आधीच वेगळं काढलं होतं. मात्र त्या काळच्या नियमांप्रमाणे त्याचा परिणाम एवढाच होता की, तो विमानात चढेपर्यंत त्याचं सामान चढवायचं नाही. चार इंचांहून लहान पात्याचा चाकू तेव्हा विमानात नेता येत असे. उणीव संशयाची नव्हती, संशयानंतर काय तपासायचं याची होती. त्याच वर्षी ४ ऑगस्टला ओरलँडोला होसे मेलेंडेझ-पेरेझ या इमिग्रेशन अधिकाऱ्यालाही एका प्रवाशाबद्दल असंच वाटलं. त्याने नेमके प्रश्न विचारले. परतीचं तिकीट कुठे आहे? न्यायला कोण येणार आहे? उत्तरं जुळेनात, तेव्हा त्याने त्या माणसाला परत पाठवलं. तो ११ सप्टेंबरच्या कटासाठीच आला होता, असा निष्कर्ष पुढे चौकशी आयोगाने काढला. मनाला लागलेली हुरहूर आपल्याला नीट बघायला लावते, एवढं तिचं काम. बघून काही ठोस सापडलं तर सांगावं, नाही सापडलं तर तिला तिथेच सोडावं.

तिसरा आक्षेप असा, की एवढ्या अटी घातल्या तर लोक बोलायलाच घाबरतील. ही भीती रास्त आहे आणि म्हणून चूक आणि खोटेपणा यांत स्पष्ट फरक करायला हवा. प्रामाणिकपणे पाहिलेलं सांगितलं आणि ते निरुपद्रवी निघालं, तर सांगणाऱ्याला दोष देता कामा नये. अमेरिकेने २००७ मध्ये अशा माणसांना कायद्याचं संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. जाणूनबुजून खोटं सांगणं मात्र गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातल्या विमानांना बॉम्बच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या. त्यातल्या मुंबईच्या विमानांना आलेल्या काही धमक्यांचा माग छत्तीसगडमधल्या राजनांदगावच्या एका १७ वर्षांच्या मुलापर्यंत गेला. पैशांच्या भांडणातून ओळखीच्या माणसाला अडकवण्यासाठी त्याने त्याच्याच नावाने खातं उघडलं होतं. विमानतळावरची भीती जुना हिशेब चुकता करायला वापरता येते, हे यातून दिसलं. त्याच वर्षाच्या अखेरीस विमान सुरक्षेच्या नियमांत अशा खोट्या माहितीसाठी दंडाची तरतूद झाली.

मग कळवायचं कसं? बेवारस बॅग, गळणारी बाटली, वायर बाहेर आलेला डबा, बंद दाराशी चाललेली खटपट, स्पष्ट शब्दांतली धमकी, असं काही दिसलं वा ऐकू आलं तर वस्तूला हात न लावता लगेच जवळच्या जवानाला किंवा विमान कर्मचाऱ्याला सांगावं. ‘दोन नंबरच्या दाराशी काळी बॅग दहा मिनिटं पडून आहे, जवळ कुणी नाही’ हे कळवणं झालं. ‘तो दाढीवाला मला बरोबर वाटत नाही’ हे नुसतं बोट दाखवणं झालं. एसटी स्टँडवर हेच चालक-वाहकाला, आगारातल्या नियंत्रकाला किंवा ११२ वर सांगता येतं. सहप्रवाशाच्या बॅगेत घरच्या चटणीची पुडी आहे म्हणून चुगली करण्याची गरज नाही. तिखट हातातल्या बॅगेतून नेता येत नाही हे खरं, पण ते शोधायला यंत्र आणि जवान बसलेले आहेत. आणि फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे कळवणं अजिबात नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच अफवेच्या भरात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. संशय यंत्रणेकडे गेला की त्याची तपासणी होते, जमावाकडे गेला की त्याची शिक्षा होते.

या कसोटीवर मंगळुरूच्या त्या महिलेचं वागणं उतरतं. तिने कुणाच्या नावा-रूपावरून अंदाज बांधला नाही. ठरावीक शब्द वाचले, आरडाओरडा केला नाही, ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगितलं. शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये मुद्दाम डोकावू नये हे खरंच, पण नजरेला पडलेल्या धमकीसारख्या मजकुराकडे डोळेझाक करणंही बरोबर नव्हतं. मात्र तिचं कर्तव्य संपलं तिथून यंत्रणेचं सुरू झालं. १ जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनच्या विमानातून नऊ मुस्लिम प्रवाशांना, त्यांत लहान मुलंही होती, सहप्रवाशांच्या तक्रारीवरून उतरवलं गेलं. एफबीआयने त्यांना निर्दोष ठरवल्यावरही विमान कंपनीने पुढच्या विमानात जागा दिली नाही. माफी आणि पैसे नंतर आले. निर्दोष ठरलेल्या माणसाला चारचौघांत तसं सांगणं, त्याची माफी मागणं, पुढच्या विमानाचं तिकीट देणं, त्याचं खासगी बोलणं बातमीत न जाऊ देणं, हाही सुरक्षा व्यवस्थेचाच भाग आहे आणि आपल्या विमानतळांवर तो लेखी नियम व्हायला हवा. कोल्हापूर, सांबरा किंवा मोपाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला विनंती एवढीच, की दिसलेली वस्तू आणि घडलेली कृती निर्भयपणे सांगा, आणि माणसाबद्दल बोलण्याआधी स्वतःला एकदा विचारा : हेच मी माझ्या घरच्या माणसाला करताना पाहिलं असतं, तरी कळवलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर क्षणभरही थांबू नका. उत्तर ‘नाही’ असेल तर गप्प राहा.