तिसरं बटण

वरून पडणारा उजेड आणि खालून येणारा उजेड यांत फरक असतो. हे कळायला मला रेक्टर होऊन चार वर्षं जावी लागली.

रात्रीचे दोन वाजले होते. एका खोलीच्या छतावर पांढरा चौकोन हलत होता. आत गेलो तर दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी टाकलेली, खाली ट्यूबलाइट, आणि काचेवर वाकून पहिल्या वर्षाचा एक मुलगा पेन्सिलीनं शीट गिरवतोय. इंजिनिअरिंगवाले याला ‘जीटी मारणं’ म्हणतात. खाली दुसऱ्याची तयार शीट, वर कोरी, की झालं ड्रॉइंग. त्यात नवल काही नाही. पण शीट मशीन ड्रॉइंगची होती, आणि हा विषय आमच्याकडे पहिल्या वर्षाला नव्हताच.

“कुणाची शीट रे?”

“माझीच, सर.”

बोलताना त्याची नजर माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर होती. सीनिअरसमोर ज्युनिअरनं नजर तिथंच ठेवायची, वर करायची नाही, हा कित्येक हॉस्टेलांतला जुना नियम. मुलाच्या अंगात तो इतका भिनला होता की समोर सीनिअर नाही, रेक्टर आहे, हेही त्याला उमगलं नाही.

मी काही पहिल्यापासून असा डोळस नव्हतो. रेक्टर झालो त्याच वर्षी परभणीकडचे एक गृहस्थ भेटायला आले होते. मुलगा फोनवर नीट बोलत नाही म्हणाले. “हॉस्टेलात थोडंफार चालायचंच, महिनाभरात रुळेल,” असं मी सांगितलं, वर हसलोही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगा आला नाही. ट्रंक न्यायला वडील एकटे आले. मेसचं डिपॉझिटसुद्धा त्यांनी मागितलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

रॅगिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मारहाण येते. सुरुवात तशी होत नाही. आधी ‘इंट्रो दे’, मग गाणं म्हण, मग रात्री टपरीवरून वडापाव आण, मग जर्नल लिही, मग शीट. पैसे आणि मार त्याच्याही पुढे. दर पायरीला मुलाला वाटतं, एवढ्यासाठी कुठं तक्रार करायची? शिवाय हाच सीनिअर नोट्स देतो, जुने पेपर देतो, दुसऱ्या सीनिअरपासून वाचवतो. म्हणून शीट ‘माझीच’ असते. आणि करणारे बहुतेक दुसऱ्या वर्षाचे, म्हणजे गेल्या वर्षी ज्यांनी सोसलं तेच. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. हॉस्टेलात फक्त दिवसांऐवजी वर्षं मोजतात.

कायदा म्हणाल तर महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाला तर कॉलेजातून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. माझ्या मते त्यातलं खरं धारदार कलम वेगळंच आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. हयगय केली तर गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. पुढे मार्च २००९ मध्ये हिमाचलातल्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनिअरांच्या मारहाणीनंतर गेला. त्याच वर्षी यूजीसीचे देशभरासाठी नियम आले : नव्या मुलांना वेगळा ब्लॉक, रात्री अचानक फेऱ्या, पाहणाऱ्यानंही कळवावं आणि त्याचं नाव गुप्त राहावं, गरज तिथं चोवीस तासांत एफआयआर. दरवर्षीची प्रतिज्ञापत्रंही तेव्हाचीच. ती पालक कशी भरतात ते मी पाहिलंय. बँकेच्या फॉर्मसारखी, बोट दाखवाल तिथं सही.

त्या रात्री मी नाव विचारलं नाही. मुलानं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याची धडगत नव्हती. जिथं जिथं काच मांडलेली दिसली त्या सगळ्या खोल्यांत गेलो आणि सात शीटांच्या मागे कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं तारीख घातली. सबमिशनच्या दिवशी ड्रॉइंगच्या सरांनी अख्ख्या वर्गाच्या शीट उलट्या करून पाहिल्या. माझी तारीख असलेल्या तीन शीट अशा तिघांच्या नावावर निघाल्या, जे त्या रात्री आपापल्या खोलीत गाढ झोपले होते. कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, त्यामुळे सूड कुणावर उगवायचा हेच त्यांना कळेना. प्राचार्यांना अ‍ॅडमिशनच्या दिवसांत बोभाटा नको होता. मी लेखी अर्ज दिला आणि त्यावर ते हयगयीचं कलम लाल शाईनं लिहिलं. सहाव्या दिवशी चौकशी झाली. तिघंही हॉस्टेलबाहेर.

गॅदरिंग, नाटकाचा ग्रुप, ढोलपथक इथंही हेच असतं, फक्त त्याला ‘परंपरा’ म्हणतात. सेट उचलणं हे काम आहे, ते सगळ्यांनी करावं. संवाद चुकला म्हणून नव्या मुलाला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावणं हे काम नव्हे. मी मुलांना एवढंच विचारायचो, नाही म्हणालास तर काय होईल? उत्तराआधी तो किती वेळ गप्प राहतो त्यावरून कळायचं.

पालकांनी “रॅगिंग होतं का?” असं विचारून उपयोग नाही, उत्तर “नाही”च येतं. रात्री किती वाजता झोपलास, महिन्याचे पैसे कधी संपले, हे विचारा. आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा नंबर मुलाच्या फोनमध्ये आधीच टाकून द्या. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

पुढच्या वर्षी रात्रीच्या फेरीत जिन्यात एक नवा मुलगा थर्मास घेऊन चढताना दिसला. कुणासाठी, ते विचारलं नाही. गुपचूप मागोमाग गेलो. दार उघडलं तो काचेवर शीट गिरवणारा तोच मुलगा. आता दुसऱ्या वर्षाला.

“सर, फक्त चहाच सांगितला होता मी.”

“पैसे कुणी दिले?”

त्यानं मान खाली घातली. नजर पुन्हा माझ्या तिसऱ्या बटणावर. आणि त्याच्या शेजारी थर्मास धरून उभ्या पोराची त्याच्या.