शंभरांतले तीस : शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याचे गणित

आम्ही वैद्य नव्हे, संख्याशास्त्रज्ञही नव्हे. मस्टर, पगारपत्रक आणि अपघाताची भरपाई यांच्या आकड्यांशी झगडताना जेवढे गणित अंगवळणी पडले, तेवढेच आमचे शिक्षण. तरीही हा विषय आम्ही निवडला, त्याला एक प्रसंग कारण झाला.

आमच्या संघटनेचा एक जुना सभासद, लेथवर पंचवीस वर्षे काढलेला टर्नर, जठराच्या कर्करोगाने आजारी पडला. तपासणीत यकृतातही एक गाठ निघाली. शस्त्रक्रियेचा विचार चालू होता, आणि त्याच सुमारास कारखान्याच्या कचेरीने स्वेच्छानिवृत्तीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. सही केली तर रक्कम एकदम हाती येणार. न केली तर नाव हजेरीपटावर राहणार आणि राज्य कामगार विमा योजनेतला लांबलेल्या आजाराचा भत्ता चालू राहणार. कर्करोगात हा भत्ता मजुरीच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. तेव्हा घरच्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती : माणूस किती दिवस जगेल?

डॉक्टरांनी सांगितले, "शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगण्याची शक्यता शंभरात तीस." वहिनी म्हणाल्या, "म्हणजे गेल्यातच जमा." मुलगा म्हणाला, "तीस म्हणजे काही थोडे नाहीत, काका." आणि रुग्णाने आम्हांला विचारले, "त्या तिसांत मी आहे का?" आम्हांला उत्तर देता आले नाही. म्हणून वाचायला बसलो.

जठरातून आणि आतड्यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते. अन्नरसाची तपासणी करणारे ते जकात नाकेच म्हणा ना. कर्करोगाच्या पेशी रक्तात शिरल्या की त्याही याच वाटेने जातात, आणि काही तेथे मूळ धरतात. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात गेला तर निवडक रुग्णांत यकृताचा तो भाग कापून काढणे हा आता रुळलेला उपचार आहे. जठराचा रोग अधिक कपटी. तो यकृतात दिसतो तेव्हा पोटाच्या आतल्या पडद्यावर आणि दूरच्या लसिकाग्रंथींतही पुष्कळदा पोचलेला असतो. म्हणून यकृतातली गाठ काढून खरोखर काही साधते का, हा वाद अजून मिटलेला नाही.

या वादाचे मूळ फार मागे जाते. १८७९ साली पॅरिसमध्ये पेआँ यांनी आणि १८८० साली रिडिगर यांनी कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग कापून काढला. दोघांचेही रुग्ण काही तासांत वा दिवसांत दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी त्रेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीवर हीच शस्त्रक्रिया केली आणि ती वाचली. वैद्यकाच्या इतिहासात हा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती बाई पुरते चार महिनेही जगली नाही, आणि तिचा अंत यकृतात पसरलेल्या कर्करोगाने झाला. टेबलावरून माणूस जिवंत उठेल का, हा प्रश्न बिलरोट यांनी सोडवला. उठल्यावर किती जगेल, हा तसाच राहिला.

आता आमचा आकडा कोठून आला ते पाहू. जपानमधल्या अनेक रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सकांनी जठराचा कर्करोग यकृतात गेलेल्या आणि तेथील गाठी काढलेल्या २५६ रुग्णांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध केला. एक वर्षानंतर शंभरात ७७.३, तीन वर्षांनंतर ४१.९ आणि पाच वर्षांनंतर ३१.१ रुग्ण हयात, असा तो हिशेब. यकृतात तीन वा अधिक गाठी असणे, गाठ पाच सेंटिमीटर किंवा अधिक मोठी असणे, आणि मूळ रोग जठराच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोचलेला असणे, या तीन गोष्टी आयुष्य घटवणाऱ्या ठरल्या.

कोणी विचारील, पाच वर्षे कोण जगले ते मोजायला एवढे काय शास्त्र लागते? मस्टर ठेवणाऱ्याला ठाऊक आहे. दहा जणांवर शस्त्रक्रिया झाली असे धरा. वर्षभरात दोघे वारले. चौदाव्या महिन्यात दोघांचा पत्ता लागेनासा झाला. अठराव्या महिन्यात आणखी एक वारला. दीड वर्षानंतर शंभरात किती जिवंत? बेपत्ता दोघांना मेलेले धरले तर पन्नास, जिवंत धरले तर सत्तर. पत्रव्यवहार थांबला म्हणून माणूस मारता येत नाही, आणि जिवंतही ठेवता येत नाही.

ही अडचण १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी एका निबंधात सोडवली. गंमत अशी की मायर यांच्यापुढे रुग्णांचे प्रश्न होते, तर कॅप्लन हे बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधल्या निर्वात नळ्या किती टिकतात ते मोजत होते. नळी काय आणि माणूस काय, गणित एकच निघाले. युक्ती साधी आहे. जो जेवढे दिवस नजरेखाली होता तेवढ्या दिवसांपुरता त्याला हिशेबात धरावयाचा, पुढे सोडून द्यावयाचा. पहिल्या वर्षी दहांपैकी आठ उरले, म्हणजे ऐंशी टक्के. पुढे नजरेखाली उरले सहा, त्यांतला एक गेला. म्हणजे ऐंशी टक्क्यांचे पाच षष्ठांश, सुमारे सदुसष्ट.

यात एक गृहीत दडलेले आहे : बेपत्ता झालेल्यांचे नशीब उरलेल्यांसारखेच असले पाहिजे. आमच्या अनुभवाला हे पटत नाही. आपल्याकडे तपासणीला यायचा थांबतो तो बहुधा पैसे संपले म्हणून, किंवा शेवटचे दिवस गावाला काढावेत म्हणून एस.टी.त बसलेला असतो.

पुढे १९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी एकेका लक्षणाचे वजन काढण्याची रीत दिली. गाठी किती, केवढ्या, वय काय, आवरण फुटले की शाबूत, यांपैकी प्रत्येकाचा मृत्यूच्या वेगावर वेगवेगळा परिणाम किती, हे तिने कळते. या वजनांवरून पट्ट्यांचे तक्ते तयार होतात : प्रत्येक लक्षणाच्या पट्टीवर गुण पाहावयाचे, बेरीज करावयाची, आणि खालच्या पट्टीवर शक्यता वाचावयाची. हल्ली हे काम संगणक करतो. तक्त्याची कसोटी अशी, की दोन रुग्णांपैकी अधिक कोण जगेल हे त्याने सांगावे. नाणे उडवूनही निम्म्या वेळा बरोबर येते. कर्करोगाचे पुष्कळ तक्ते दहांत सातांच्या आसपास घुटमळतात. नाण्यापेक्षा बरे, पण तीन वेळा चूकच. शिवाय तक्ता ज्यांच्यावरून बांधला त्यांच्या काळातच तो अडकलेला असतो. २०१० साली ट्रास्टुझुमॅब आणि २०२१ साली निव्होलुमॅब या औषधांनी पसरलेल्या जठर-कर्करोगाच्या काही रुग्णांचे आयुष्य वाढवल्याचे सिद्ध झाले. त्यापूर्वीच्या तक्त्यांना त्यांची खबर नाही.

पण आम्हांला सर्वांत खटकली ती गोष्ट वेगळीच. ते २५६ जण होते कोण? ज्यांच्या गाठी थोड्या, प्रकृती धडधाकट, रोग इतरत्र पसरलेला दिसत नाही, असेच मुख्यतः शस्त्रक्रियेला निवडले जातात. भरतीच्या वेळी छाती मोजून घेतलेल्या कामगारांची तब्येत पाहून "आमच्या कारखान्याची हवा फार चांगली" असे मालकाने म्हणावे, तसा हा प्रकार होऊ शकतो. निवडलेले लोक शस्त्रक्रियेमुळे जगले, की मुळात जगणारेच निवडले गेले? नुसत्या यादीवरून हे सांगता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात.

तसे केले गेले. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर येथील १७५ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१६ साली आला. रोग एकाच ठिकाणी, यकृतात, पोटाच्या पडद्यावर किंवा दूरच्या ग्रंथींत, पसरलेले हे रुग्ण. एका गटाला फक्त औषधे; दुसऱ्याचे जठर काढून मग औषधे. दोन वर्षांनी पहिल्या गटात शंभरात ३१.७ हयात, दुसऱ्यात २५.१. मात्र तेथे सुरी जठरापुरतीच चालली होती, पसरलेल्या गाठी तशाच राहिल्या. जर्मनीतल्या चाचणीत आधी औषधे देऊन, मग जठर आणि शक्य तेथे पसरलेला रोगही काढला. तिचे निष्कर्ष २०२४ साली मांडले गेले, आणि एकंदर गटाला फायदा दिसला नाही. एकच लहान गाठ असलेल्या रुग्णाचे काय, हे या दोहोंतून सुटत नाही. जपानच्या शल्यचिकित्सकांचा कल अशा रुग्णाला संधी द्यावी असा आहे, आणि आमच्या अडाणी मतालाही तो पटतो. पण त्याला पुरावा म्हणू नये.

हे सर्व घेऊन आम्ही सभासदाबरोबर डॉक्टरांकडे गेलो. गाठ एकच, पाच सेंटिमीटरांच्या बरीच आत. त्यांनी आधी काही महिने औषधे, मग पुन्हा तपासणी, आणि नवी गाठ न उगवली तरच सुरी, असे सांगितले. मधला काळ ही स्वतःच एक परीक्षा असते. रोग झपाट्याचा असेल तर तो तेवढ्यात तोंड दाखवतो, आणि व्यर्थ कापाकापी टळते. सभासदाने स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली नाही. नवी गाठ निघाली नाही, शस्त्रक्रिया झाली.

आणखी एक हिशेब आम्ही त्याला मांडून दाखवला. शंभरात ३१ हा आकडा पहिल्या दिवशीचा. एक वर्ष काढले की मागे उरलेल्या ७७ जणांत ते ३१ आहेत, म्हणजे शंभरात चाळीस. तीन वर्षे काढली की ४२ जणांत ३१, म्हणजे शंभरात चौऱ्याहत्तर. आकडा भिंतीवर कोरलेला नाही. माणूस चालू लागला की तोही सरकतो.

गेल्या महिन्यात शस्त्रक्रियेला वर्ष झाले. अंगाने निम्मा झालेला, दिवसातून सहा वेळा थोडेथोडे खाणारा आमचा टर्नर युनियनच्या कचेरीत येऊन बसला. म्हणाला, "आता चाळीस ना?" आम्ही हो म्हटले. मग त्याने पिशवीतून विम्याचे कागद काढले आणि भत्त्याचे अजून किती महिने उरले आहेत, ते मोजून द्यायला सांगितले.