उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर: दोघांनी एक रविवार द्यावा असा रस्ता

शनिवारी रात्री बायको म्हणाली, "उद्या कुठेतरी जाऊ या." सकाळी गाडी काढली आणि कल्याण-बदलापूर रस्ता धरला.

नाश्ता उल्हासनगरला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी छावणीत वसली. म्हणून पत्ते आजही कॅम्प नंबर एक ते पाच. नाश्त्याला इथलं सिंधी दाल-पकवान खाताना पकवान कुरकुरीत असतानाच संपवा.

अंबरनाथच्या शिवमंदिराला मात्र निवांत वेळ द्या. वालधुनीकाठचं हे शिलाहारकालीन मंदिर. शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, आणि मामवाणी राजाचं नाव आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. वर शिखर उघडं आहे, त्यामुळे उजेड थेट पिंडीवर येतो. बहुतेक लोक दर्शन घेऊन परततात. तुम्ही बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घाला. काळ्या दगडातल्या मूर्ती कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या आहेत. बायको एकाच भिंतीपाशी किती वेळ रमली होती!

पुढे बदलापूर. जूनमध्ये गेलात तर भौगोलिक मानांकन मिळालेली इथली जांभळं नक्की घ्या. कोंडेश्वरचा धबधबा देखणा आहे, पण पावसाळ्यात डोहात उतरू नका. आम्ही बारवी धरणाच्या रस्त्याने मुळगावच्या खंडोबाला गेलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, पाणी सोबत ठेवा.