मुंबईच्या मैफली : रात्रभरापासून रात्री दहापर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत गाणे ऐकणे म्हणजे रात्र जागवणे असे. गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर या भागांतल्या धनिकांच्या दिवाणखान्यांत जेवणे आटोपली की बैठक भरे. तंबोरे जुळेपर्यंत उशीर होई आणि भैरवी होईपर्यंत उजाडे. रागांचा क्रमही रात्रीच्या प्रहरांबरोबर सरकत जाई : आधी यमन, मग बिहाग, मध्यरात्रीच्या सुमारास मालकंस किंवा दरबारी, पहाटे ललित. संपण्याची वेळ घड्याळावर नव्हे, तर गवयाच्या आणि श्रोत्यांच्या तब्येतीवर ठरे. मात्र ही मजा आमंत्रितांपुरतीच होती. पुढच्या शंभर वर्षांत गाणे ऐकणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि गाण्याला मिळणारी रात्र लहान होत गेली.

पहिला बदल तिकिटाने केला. पं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईत त्याची शाखा सुरू केली. त्यांचे जाहीर जलसे तिकीट लावून होत. यजमानाची मर्जी नसलेल्या माणसालाही पैसे मोजून पुढ्यात बसून ऐकता येऊ लागले. तिकीट आले तशी सुरू होण्याची ठरलेली वेळही आली. संपण्याची वेळ मात्र अजून मोकळीच होती. संगीत नाटकांनी तर ती आणखी ताणली. ‘वन्स मोअर’ घेत चाललेला प्रयोग पहाटेपर्यंत लांबणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या गायक-नटांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ हा नाट्यप्रयोग केला. आजही त्या प्रयोगाची आठवण काढली जाते ती त्या एका रात्रीच्या गाण्यामुळे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गिरगाव हे शहरातील रागसंगीताचे केंद्र होते. लक्ष्मी बागेचे सभागृह, ट्रिनिटी क्लब आणि प्रा. बी. आर. देवधरांचे स्कूल ऑफ इंडियन म्युझिक ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नव्हती. जिना हॉलमध्ये १९३६ साली झालेल्या संगीत परिषदेत अकरा-बारा वर्षांचे कुमार गंधर्व गायले आणि शहरभर त्यांचे नाव झाले. गणेशोत्सवात हेच गाणे चाळींच्या चौकात आणि रस्त्यावरच्या मांडवात येई. तिथे ऐकायला तिकीटही लागत नसे. रात्रभर बसणे परवडे, कारण बहुतेक श्रोत्यांची घरे चालत जाण्याच्या अंतरावर होती.

याच शहरात त्याच रात्री दुसरी संगीतेही चालू असत. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातले आणि घाटावरचे कामगार आपापल्या भजनांच्या बाऱ्या आणि तमाशाचे फड घेऊन आले होते. लालबागच्या हनुमान थिएटरात ढोलकीवर लावणी रंगे. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने याच वस्तीत पोवाडा आणि लोकनाट्य कामगारांच्या लढ्याला जोडले. त्यांच्या कार्यक्रमांना वेळ ठरवून दिली ती गिरणीच्या पाळीने.

दक्षिणेला ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये तिसऱ्याच प्रकारचे संगीत होते. १९३५ साली अमेरिकन कृष्णवर्णीय वादक लिऑन ॲबी याचा बँड तेथे वाजवू लागला. पुढे टेडी वेदरफर्ड या पियानोवादकाने तिथे नाव मिळवले. त्यांच्या संगतीत गोव्यातून आलेले वादक जॅझ शिकले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच. गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये हे वादक नोटेशन वाचायला शिकलेले असल्याने कोणत्याही बँडमध्ये त्यांना जागा मिळे. त्याच १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि त्यातही पारशांच्या बरोबरीने गोवेकर बसत.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्र मंदावली. चर्चगेट स्ट्रीटवरच्या उपाहारगृहांत बँड पुढेही वाजत राहिले, पण वादकांची मुख्य मिळकत आता दिवसा, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातून होऊ लागली. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांनी हिंदी चित्रपटगीताला वाद्यवृंदाची नवी जाण दिली. गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा प्रयोग सेंट झेवियर कॉलेजच्या आवारात केला. दिवसा स्टुडिओत निनावी राहणारे वादक तिथे श्रोत्यांसमोर आले.

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्ग गिरगावातून दादर, माटुंगा, पार्ले आणि पुढे ठाणे-डोंबिवलीकडे सरकला. गाणेही त्याच्यामागे लोकलने गेले. षण्मुखानंद सभा १९५२ साली स्थापन झाली आणि १९६३ साली तिचे भव्य सभागृह उभे राहिले. दादर-माटुंगा कल्चरल सेंटर १९५३ पासून बैठका भरवू लागले. रवींद्र नाट्य मंदिर आणि शिवाजी मंदिर ही नाट्यगृहे १९६० च्या दशकात आली. या वास्तूंनी हजारो श्रोत्यांची सोय केली, पण त्यांचे भाडे सत्रावर असे. सकाळचा, दुपारचा आणि रात्रीचा असे तीन खेळ बसवायचे, तर प्रत्येकाला साडेतीन-चार तासच मिळतात. शिवाय अंधेरीच्या किंवा कल्याणच्या श्रोत्याला शेवटची लोकल गाठायची असते. मैफलीची लांबी ठरवणारे हे दोन हिशेब संगीताबाहेरचे होते, तरी त्यांचा परिणाम गाण्यावर झाला. विलंबित ख्याल आटोपशीर झाला आणि मध्यंतरानंतर नाट्यगीत, अभंग, भैरवी असा साचा पक्का झाला.

चार तासांच्या सत्रात नेमका बसणारा प्रकार म्हणजे गीतांचा कार्यक्रम. सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झाले आणि मग रंगमंचावर आले. अरुण दाते यांचा ‘शुक्रतारा’ आणि हृदयनाथ मंगेशकर यांचा ‘भावसरगम’ यांनी भावगीताला मैफलीचा दर्जा दिला. प्रमिला दातार यांच्या ‘सुनहरी यादें’सारख्या वाद्यवृंदांनी सिनेमाची गाणी प्रत्यक्ष वाजवून दाखवली. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने तर गोंधळ, भारूड, कोळीगीत असे गावोगावचे लोककलाप्रकार एका खेळात ओवले.

१९६९ साली स्थापन झालेल्या आणि पुढे नरिमन पॉइंटला स्थिरावलेल्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने, म्हणजेच एनसीपीएने, ऐकण्याच्या दर्जाचा प्रश्न हाती घेतला. १९८० साली खुल्या झालेल्या टाटा थिएटरची ध्वनिरचना अशी आहे की ध्वनिक्षेपकावाचूनही सतार मागच्या रांगेपर्यंत पोचावी. १९९९ साली जमशेद भाभा थिएटर आले आणि २००६ साली येथेच सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली.

धोबी तलावाजवळचे खुले रंगभवन एनसीपीएच्या अगदी उलट वृत्तीचे. १९७८ साली तिथे पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स याने वाजवले. नंतर ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवामुळे ती रॉकवाल्या तरुणांची हक्काची जागा झाली. भिंती-छप्पर नसल्याने आवाज चौफेर जाई. जवळच महाविद्यालय आणि रुग्णालये होती, हीच त्याची अडचण ठरली.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. राज्याला वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा नंतर मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालांनी ही चौकट आणखी पक्की केली. रंगभवनातले संगीत थांबले. पुण्यात १९५३ पासून रात्र रात्र चाललेल्या सवाई गंधर्व महोत्सवालाही वेळापत्रक बदलावे लागले. बंदिस्त सभागृहांना नियमात मोकळीक होती, पण सत्रांचा आणि लोकलचा हिशेब तिथे आधीपासून होताच. त्यामुळे मालकंस-दरबारी साडेनऊच्या आत उरकू लागले आणि उत्तररात्रीचे राग मैफलीतून मागे पडले.

मोठे विदेशी कार्यक्रमही याच मर्यादेत बसवले गेले. मायकेल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायला, तो या नियमांच्या आधीचा. २०१९ साली यू-टू या बँडचा कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, तर २०२३ साली लोलापालूझा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर झाला. अनेक मंचांचा हा महोत्सव दुपारीच सुरू होतो, कारण रात्र पुढे वाढवता येत नाही. छोट्या बँडना आसरा दिला तो बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारांनी. लोअर परळचे ‘ब्लू फ्रॉग’ २००७ ते २०१६ या काळात अशाच जागेत चालले. एकेकाळी पाळी संपवून कामगार जिथे भजनाला बसत, त्याच वस्तीत ते होते.

रात्र आखडली तेव्हा संयोजकांनी दिवसाचे दुसरे टोक धरले. दिवाळी पहाट ही प्रथा चतुरंग प्रतिष्ठानने १९८० च्या दशकात रुजवली होती. आता ती मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत जागोजागी होते. पंचम निषाद या संस्थेच्या ‘प्रातःस्वर’सारख्या मालिकांनी वर्षातल्या इतर दिवसांनाही पहाटेची मैफल दिली. ललित, भटियार, तोडी हे राग त्यामुळे पुन्हा आपल्या वेळेच्या जवळ ऐकू येऊ लागले. पूर्वी श्रोते ते जागून ऐकत, आता पहिल्या लोकलने येऊन ऐकतात. मध्यरात्र ते पहाट हा मधला प्रहर मात्र मुंबईच्या मैफलीतून जवळजवळ गेला आहे.