सह्याद्रीच्या पावसात सायकलस्वाराला कोणते जॅकेट?

महागडे वॉटरप्रूफ जॅकेट घेतले की पावसात कोरडे राहता येते, अशा अपेक्षेने अनेक सायकलस्वार जून उजाडताच हजारो रुपये मोजतात. ताम्हिणीच्या पहिल्याच चढावर मात्र ते आतून ओलेचिंब होतात. मग जॅकेट गळते, दुकानदाराने फसवले, अशी तक्रार सुरू होते. पुष्कळदा जॅकेट गळत नसतेच. आतले पाणी घामाचे असते.

पेडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातली जेमतेम २० ते २५ टक्के प्रत्यक्ष पेडलपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर टाकण्यासाठी नेटाच्या चढावर तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. आता जॅकेटच्या लेबलवरचा ‘१०,००० ग्रॅम’ हा आकडा घ्या. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत एवढे बाष्प बाहेर पडते, असा त्याचा अर्थ. म्हणजे तासाला सुमारे ४१७ ग्रॅम. जॅकेटला सव्वा चौरस मीटर कापड लागले असे धरले, तरी हिशेब अर्ध्या लिटरच्या आसपासच थांबतो. तोही प्रयोगशाळेतला. शिवाय ही चाचणी करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

‘युरोपात चालते ते आपल्याकडेही चालणारच’ हा समज तर सर्वांत महाग पडतो. बाष्प कापडातून आपोआप बाहेर ढकलले जात नाही. आत जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ते बाहेर जाते. अंगाजवळच्या ३५ अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते. बाहेर ५ अंशांचा थंड पाऊस असेल, तर तिथल्या हवेत जास्तीत जास्त ७ ग्रॅम असते. आपल्या जुलैतल्या २५ अंशांच्या भिजट हवेत ते २३ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे बाष्पाला बाहेर ओढणारा फरक आपल्याकडे जवळजवळ निम्माच उरतो. गोर-टेक्ससारखा बाष्प जाऊ देणारा उत्तम पडदासुद्धा हा नियम मोडू शकत नाही. म्हणून आपल्या पावसाळ्यासाठी जॅकेट निवडताना मी कापडाच्या आकड्याआधी हवा खेळण्याची सोय पाहीन: काखेत झिप आहे का, पाठीवर झाकलेली जाळी आहे का, पुढची झिप दोन्ही बाजूंनी उघडते का.

पाणी अडवण्याच्या आकड्याचेही असेच अवडंबर माजले आहे. १०,००० मिलिमीटर म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा करण्याइतका दाब दिला, तरी पाणी आत येत नाही. पावसाचा थेंब एवढा दाब देत नाही. २०,००० चे जॅकेट घेऊन सायकलवर फारसा फरक पडणार नाही. पाणी शिरते ते शिवणीच्या सुईने पाडलेल्या भोकांतून, झिपेतून आणि गळ्यापाशी. दुकानात जॅकेट उलटे करून पाहा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. काही जॅकेटांत ती फक्त खांद्यांवर असते. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले जॅकेट हलकी सर अडवते, घाटातला पाऊस नाही.

मग भिजणारच असू, तर जॅकेट कशाला? मुंबईत किंवा पुण्यात तासाभराच्या फेरीसाठी खरोखरच त्याची गरज नसते. पटकन वाळणारी जर्सी घालावी आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावेत. घाटात मात्र चित्र बदलते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना पाय थांबलेले असतात, अंग भिजलेले असते आणि वारा थेट छातीवर येतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. बोटे आखडली की ब्रेक नीट दाबता येत नाही, आणि हा धोका खरा आहे. म्हणून चढताना जॅकेट काढून खिशात घालता येईल एवढे हलके हवे आणि उतार लागण्याआधी ते अंगावर चढवायला हवे. आत सुती टी-शर्ट नको. तो पाणी धरून ठेवतो. सिंथेटिक किंवा पातळ लोकरीचा थर बरा.

‘दुचाकीचा रेनकोट चालतो’ असेही ऐकू येते. दुचाकीवर कष्ट इंजिन करते. सायकलवर त्या रबरी कापडात घामाला वाटच उरत नाही, सैल घेर वाऱ्याने फुगतो आणि पॅन्टचा पाय चेनमध्ये अडकू शकतो. सायकलचे जॅकेट हँडल धरल्यासारखे पुढे वाकून घालून पाहावे. मागून कंबर झाकली जावी, बाही मनगटापर्यंत यावी, पोटावर कापड गोळा होऊ नये. जॅकेटच्या टोपीमुळे मान वळवताना मागचा ट्रक दिसेनासा होत असेल, तर ती टोपी नकोच.

रंगाबद्दल थोडक्यात: फ्लोरोसंट पिवळा ढगाळ दिवसातही उठून दिसतो, पण अंधारात त्याचा उपयोग नाही. रात्री परावर्तक पट्ट्या आणि मागचा लाल दिवाच कामाला येतो.

जॅकेट धुतले की खराब होते, हा समज उलटा आहे. कापडाच्या वरच्या पाणीरोधक लेपावर घाम, तेल, चिखल बसला की थेंब घरंगळण्याऐवजी कापड पाणी पिते आणि बाष्पाची वाट बंद होते. सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नका, आणि लेबलवर परवानगी असेल तर हलकी उष्णता द्या. लेप पुन्हा काम करू लागतो. दमट कपाटात घडी घालून ठेवलेल्या जॅकेटचा आतला पीयू (पॉलियुरेथेन) थर काही वर्षांत चिकट होऊन सोलतो, म्हणून ते पूर्ण वाळवून हवेशीर जागी टांगावे.

आणि एक गोष्ट जॅकेट कधीच करू शकणार नाही: मागच्या चाकाने उडवलेला चिखल थांबवणे. सायकलला मडगार्ड नसतील, तर आधी ते बसवून घ्या आणि मगच जॅकेट बघायला जा.