पावतीतला एक आकडा

चंद्रपूर जिल्ह्यातला सावली तालुका धानाचा. खरेदी केंद्रावर धान मोजून झाला की शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. पैसे मागाहून, बँकेच्या खात्यात. मधल्या दिवसांत त्याचा आधार म्हणजे हा कागद आणि संगणकातली नोंद. ती नोंद मागाहून कोणी बदलली तर कळेल कसं?

ते पाहायला आम्ही सावलीतल्या एका संगणकावर नमुन्याची पावती टाईप केली: 40 कट्टे, तारीख, रक्कम. फाईलवर मजकुराचा ठसा काढणारी ‘एसएचए-256’ ही गणिती पद्धत चालवली. पडद्यावर 64 अक्षर-अंकांची ओळ उमटली, हाच हॅश. मग 40 चे 41 केले. आलेली ओळ पहिलीहून साफ वेगळी. पुन्हा 40 केले, तर पहिलीच ओळ जशीच्या तशी आली.

नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या ब्लॉकांच्या साखळीवर ठेवायची, तर तिथे जाते ती एवढीच ओळ. तिथल्या प्रत्येक ब्लॉकमध्ये मागच्या ब्लॉकचा हॅश असतो आणि साखळीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. त्यामुळे एका ठिकाणी केलेली खाडाखोड उघडी पडते. मूळ पावती मात्र साखळीवर टाकू नये, कारण तिथे गेलेलं नाव किंवा खातेक्रमांक पुसता येत नाही. ती एन्क्रिप्ट करून वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवावी. पेमेंटची माहिती देशातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा पेमेंट यंत्रणांना 6 एप्रिल 2018 चा आदेश आहे. सर्व्हर निवडताना तो ध्यानात ठेवावा. शिवाय प्रती सांभाळणारं कोणी हवं. नाहीतर हॅश उरतो आणि पावती हरवते.

वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात या वाटेनं एक काम सुरू झालं. 2022 मध्ये एटापल्ली उपविभागात 65 हजार जातीचे दाखले ‘लेजिटडॉक’ या प्रणालीच्या मदतीनं ‘पॉलिगॉन’ नावाच्या ब्लॉकचेनशी जोडायचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खरा की बनावट, हे पडताळता यावं, हा हेतू. दाखल्याला जे लागू, ते धानाच्या पावतीलाही लागू व्हायला हवं.

पण काट्यावरच वजन चुकीचं लिहिलं गेलं, तर ब्लॉकचेन ती चूकही तितक्याच निष्ठेनं जपेल. म्हणून हॅश कधी काढला जातो, हे महत्त्वाचं. संध्याकाळी कार्यालयात बसून नव्हे, तर काट्याजवळ, आकडा शेतकऱ्याला वाचून दाखवून, त्यानं होकार दिल्यावरच तो काढला जावा आणि पावतीवर छापला जावा. पुढे वाद झालाच, तर आपलं म्हणणं सिद्ध करायला त्याला कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये.