फुलातलं यीस्ट

कळी उमलते तेव्हा तिच्या मधात बहुधा यीस्ट नसतं. पहिली मधमाशी, मुंगी किंवा शिंजीर येऊन गेला की ते आत पोचतं. मध गोड असला तरी त्यात राहणं सोपं नाही: साखर दाट, नायट्रोजन तुटपुंजा, आणि फूल थोड्याच दिवसांत गळणार. म्हणून इथे मोजक्याच जाती तगतात. सर्वांत ठळक नाव मेट्श्निकोविया रॉयकाउफी. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या लांबट पेशी दिसतात. मधाच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या हजारोंनी असू शकतात.

स्पेनमध्ये हिवाळ्यात फुलणाऱ्या हेलेबोरस फेटिडसवर कार्लोस हेरेरा आणि मारिया पोझो यांनी 2010 मध्ये जे दाखवलं, ते मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. यीस्ट साखर पचवताना उष्णता सोडतं, आणि त्यामुळे मध आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार होतो. मलेशियातल्या बर्टम ताडाच्या मधात तर आंबून 3.8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल आढळलं आहे.

आपल्याकडे आयुर्वेदातली आसव-अरिष्टं करताना धायटीची लाल फुलं घालतात, ती आंबवण्यासाठीच. सुकलेल्या फुलांवरही जिवंत यीस्ट असतं. सह्याद्रीत धायटी मुबलक आहे, पण तिच्या ताज्या फुलांतल्या यीस्टचा जागोजागी धांडोळा घ्यायला हवा. जंगल तुटलं की तिथल्या यीस्टच्या जातीही नोंद होण्याआधीच जाऊ शकतील.